शून्य आणि गैरहजर

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या वसतिगृहाच्या कार्यकर्त्या भगिनींनी केलेले भाषण. अनेकांनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत.)





दर वर्षी या मेळाव्यात मी मुलांची संख्या सांगते, धान्याचा हिशेब देते, पाण्याच्या टाकीचे काम कुठवर आले ते सांगते. यंदा कार्यवाहांनी मला सांगितले, "ताई, गेल्या वेळी मंडळ्यांनी लॅपटॉप आणि इन्व्हर्टर दिला, त्याचा काय उपयोग होतो ते सांगा." उपयोग पुष्कळ होतो, आणि त्याबद्दल देवाचे आणि आपले मनापासून आभार. पण आज त्या लॅपटॉपवर माझ्या हातून झालेली एक चूक मला आपल्यासमोर सांगायची आहे. ती चूक एका आकड्याची होती. एका मुलीच्या गणिताच्या लेखी परीक्षेचा तो आकडा होता.

आपल्यापैकी पुष्कळांनी आमचा भाग पाहिलेला नाही, म्हणून आधी थोडे त्याविषयी सांगते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला आपले वसतिगृह आहे. मुले भिल्ल आणि पावरा समाजाची. वरच्या पाड्यांवरून येतात, आपल्याकडे राहतात आणि गावातल्या अनुदानित शाळेत शिकतात. दिवाळी झाली की त्यांच्यापैकी पुष्कळांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. होळीला माणसे कुठूनही परत येतात, कारण आमच्याकडे होळीइतका मोठा सण नाही. होळी झाली की काही जण पुन्हा जातात. शाळेची दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिलमध्ये येते. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत कोण गावात आणि कोण उसाच्या फडात, हे आदल्या दिवसापर्यंत सांगता येत नाही.

गुण कसे भरले जातात

पूर्वी गुरुजी पेपर तपासत, गुण निकालपत्रकात लिहीत आणि प्रगतिपुस्तक मुलाच्या हातात देत. काम तिथे संपे. आता तसे नाही. 2010 पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. सातवी-आठवीच्या वर्गांना एका विषयाचे 100 गुण असे विभागले गेले: वर्षभराच्या कामाचे, म्हणजे आकारिक मूल्यमापनाचे 40, तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे 10 आणि लेखी परीक्षेचे 50. त्या बेरजेवरून श्रेणी ठरते. 2015 मध्ये शासनाची सरल प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर गेली. आता यूडायस प्लसवर वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलापुढे शेकडा किती गुण पडले आणि ते किती दिवस हजर होते, हे भरावे लागते. आमच्या शाळेने याशिवाय निकाल तयार करण्यासाठी स्वतःची एक ऑनलाइन प्रणाली घेतली आहे. वर्ग निवडायचा, तुकडी निवडायची, विषय निवडायचा. मग मुलांची नावे खाली खाली येतात आणि प्रत्येक नावापुढे आकारिक, तोंडी, लेखी असे चौकोन असतात. त्यात आकडा टाकायचा. बेरीज, टक्केवारी आणि श्रेणी यंत्र आपोआप करते.

ऐकायला सोपे वाटते. पण शाळेत शिक्षकांची दोन पदे रिकामी आहेत, लिपिक नाही, आणि गावात नेटवर्क मिळते ते आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर. म्हणून एप्रिल महिन्यात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर शिक्षक आपल्याकडे येतात आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी त्यांच्याबरोबर गुण भरायला बसते. ते वाचतात, मी टाइप करते. रात्री अकरा-बारा वाजतात. चहा आमच्या मावशी देतात.

आता माझी चूक सांगते.

माझे शून्य

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतली एक मुलगी. तिचे नाव सांगत नाही, ती आता मोठी होते आहे. गणिताच्या लेखी पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिचा काका तिला न्यायला आला. आजी वारली होती. मुलगी गेली. पेपर बुडाला. चार दिवसांनी ती परत आली, तेव्हा सरांनी तिला वेगळे बसवून तोच पेपर घेतला. गैरहजर राहिलेल्या मुलांचा पेपर नंतर घेतातच, त्यात काही वावगे नाही.

पण मधल्या चार दिवसांत आम्ही गणिताचे गुण भरायला बसलो होतो. तिच्या नावापुढे लेखीचा चौकोन रिकामा होता. मी पान जतन करायला गेले तर त्या चौकोनाभोवती लाल रेघ आली. रिकामा चौकोन यंत्राला चालेना. पान पुढे जाईना. नेटवर्क येत-जात होते, बाकीच्या मुलांचे गुण पुसले जातील अशी भीती होती. मी म्हटले, "सर, आत्ता शून्य टाकते, पेपर झाला की बदलू." सर दमलेले होते. "टाका ताई," म्हणाले. मी शून्य टाकले. लाल रेघ गेली. पान जतन झाले.

चौकोनाच्या उजवीकडे 'गैरहजर' अशी खूण करायची बारीक जागा होती. ती मला पुढच्या वर्षी दिसली.

मुलीचा पेपर झाला. तिला 50 पैकी 27 पडले. सरांनी ते आपल्या वहीत लाल शाईने लिहिले. मी मात्र पुन्हा त्या पानावर गेले नाही. इतर वर्गांचे राहिले होते, उन्हाळी शिबिराची तयारी होती, मी विसरले. शेवटच्या दिवशी 'अंतिम करा' हे बटण दाबले गेले आणि वर्गाचा निकाल बंद झाला.

गणितात तिला आकारिकचे 40 पैकी 28, तोंडीचे 10 पैकी 6 आणि लेखीचे माझे शून्य. झाले 34. श्रेणी 'ड'. खरे तर 61 व्हायला हवे होते, श्रेणी 'ब-2'. निकाल छापून मुलांच्या हातात गेला. तिचा बाप निरक्षर. त्याने प्रगतिपुस्तकावर अंगठा केला.

कोणाच्याही लक्षात आले नाही. पुढच्या वर्षी, ती आठवीत असताना, पावसाळ्याच्या अखेरीस एनएमएमएस परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली. ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारची ही शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा द्यायची. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे 48,000. आमच्या भागात मुलगी नववीत राहते की ऊस तोडायला जाते, हे पुष्कळदा एवढ्या पैशांवर ठरते. अर्जाला अट अशी की सातवीत किमान 55 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना पाच टक्क्यांची सवलत, म्हणजे 50.

सर यादी करत होते. त्या मुलीच्या नावापुढे त्यांनी फुली मारली. सहा विषयांचे 600 पैकी 292, म्हणजे 48.67 टक्के. ती अर्ज भरू शकत नव्हती.

त्या संध्याकाळी ती भांडी घासायच्या पाळीवर होती. मी सहज म्हटले, "अगं, गणितात एवढी कशी मागे पडलीस? तुझा तर हात चांगला आहे." ती भांडे घासत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, लेखी पेपर मी दिला होता ना. पण उशिरा दिला म्हणून धरला नसेल."

बंधुभगिनींनो, ती मुलगी मे महिन्यापासून हे मनात धरून होती. निकाल पाहिला तेव्हाच तिला कळले होते की काहीतरी चुकले आहे. पण कागदावर छापून आले म्हणजे ते तसेच असणार, असे तिला वाटले. आपल्यासाठी नियम असेच असतात, असे तिने धरून चालले. तिने मला विचारले नाही. मी चिडले असते म्हणून नव्हे. विचारायचे असते हेच तिला ठाऊक नव्हते.

मी भांड्यांपाशीच बसले. मला ती रात्र, ती लाल रेघ आणि ते शून्य आठवले.

एक आडवी रेघ

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे आणि मग दोघे मुख्याध्यापकांकडे गेलो. सरांनी चूक आपल्या अंगावर घ्यायचा प्रयत्न केला. मी म्हटले, "नाही, बोट माझे होते." मुख्याध्यापक रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारले, "पुरावा आहे का?"

सरांनी कपाट उघडले. मागल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवलेले होते. पुष्कळ शाळांत ते जागा होत नाही म्हणून रद्दीत जातात. आमच्या सरांनी ठेवले होते. गणिताच्या गठ्ठ्याच्या तळाशी तिची उत्तरपत्रिका सापडली. वरच्या कोपऱ्यात 27, सरांची सही आणि नंतर घेतलेल्या पेपरची तारीख. त्या कागदाकडे पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्या देणगीच्या धनादेशाकडे पाहूनही झाला नसेल, क्षमा करा.

मुख्याध्यापकांनी छापील निकालपत्रक काढले. चुकीच्या आकड्यावर पांढरी शाई लावली नाही, खोडूनही काढला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, अशी की खालचे शून्य वाचता यावे. शेजारी 27 लिहिले, तारीख घातली, सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिले. मग आपल्या लॉगिनने ऑनलाइन निकाल पुन्हा उघडला आणि आकडा दुरुस्त केला. 319. टक्के 53.17. यूडायसवरची टक्केवारी दुरुस्त व्हावी म्हणून सरांना तालुक्याला दोन खेपा घालाव्या लागल्या. अर्जाची मुदत संपायला तेव्हा तीन दिवस उरले होते.

त्या रात्री प्रार्थनेच्या वेळी मी सगळ्या मुलींसमोर उभी राहिले आणि काय झाले ते सांगून तिची क्षमा मागितली. मुली गप्प झाल्या. मोठ्या माणसाने असे करायचे असते, हे त्यांनी पाहिलेले नसावे. ती मुलगी मात्र वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होती. ती म्हणाली, "मग मला 'ड' नव्हताच?"

"नव्हता," मी म्हटले. "तुला 'ब-2' होता."

ती हसली. तसे हसताना मी तिला पुष्कळ महिन्यांत पाहिले नव्हते.

आपण विचाराल, पुढे काय झाले? ती परीक्षेला बसली. निवड यादीत तिचे नाव आले नाही. मी इथे येऊन आपल्याला गोड शेवट सांगू शकले असते, पण तेही खोटा आकडा भरण्यासारखेच झाले असते. निवड झाली नाही ती तिने लिहिलेल्या उत्तरांवरून झाली नाही. माझ्या शून्यामुळे तिला दारातूनच परत जावे लागले असते, तसे झाले नाही. ती आज दहावीला आहे आणि आपल्याच वसतिगृहात आहे.

दुसरा मोह

चुकीचे शून्य हा एक प्रकार झाला. त्याच्या उलट दुसरा प्रकार आहे आणि तो अधिक कठीण, कारण तो दयेसारखा दिसतो.

एप्रिलमध्ये चौथीच्या वर्गाचे पान उघडले की सात-आठ मुलांचे चौकोन रिकामे असतात. ही मुले आपल्या वसतिगृहातली नव्हेत. आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली. त्यांना गैरहजर दाखवले की शाळेच्या निकालावर परिणाम दिसतो, वरून विचारणा होते, पत्रे येतात. मग कोणीतरी म्हणते, "ताई, गरिबाची लेकरं आहेत. द्या की पंधरा-सोळा. कोणाचं काय जातंय?"

मलाही तसे वाटते. खरेच कोणाचे काय जाते?

जाते ते त्या लेकराचेच. गावाबाहेर गेलेल्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. मूल कामाच्या गावी गेले तर तिथल्या शाळेत ते कार्ड दाखवून बसू शकते. परत आलेल्या मुलांना मागे राहिलेला अभ्यास शिकवायचा असतो. पण हे सगळे कोणासाठी करायचे? जे मूल गेले आहे असे नोंदलेले आहे, त्याच्यासाठी. ज्याच्यापुढे 16 गुण आहेत ते मूल कागदावर वर्गात बसलेले आहे, परीक्षा दिलेले आहे, बरे चाललेले आहे. त्याला कोण शोधायला जाईल? पाचवीत ते पुढे सरकते, सहावीत सरकते आणि एक दिवस त्याला साधी वजाबाकी येत नाही असे दिसते, तेव्हा सगळे म्हणतात, "या लोकांच्या मुलांना शिक्षणात गोडीच नाही."

लूकच्या 15 व्या अध्यायातला मेंढपाळ आपणां सर्वांना ठाऊक आहे. शंभरांतले एक हरवले म्हणून तो नव्याण्णव सोडून गेला. या दाखल्यावर आपण प्रेमाविषयी पुष्कळ उपदेश ऐकतो. पण एक साधी गोष्ट आपण पाहत नाही. त्याने संध्याकाळी मेंढरे मोजली होती. प्रामाणिकपणे मोजली होती. एक कमी भरले तेव्हा त्याने 'शंभर' असे लिहून मेंढवाड्याचे दार लावून घेतले नाही. तसे केले असते तर हिशेब बरोबर दिसला असता, धन्याने काही विचारले नसते आणि ते एक मेंढरू रात्रभर काट्यांत अडकून राहिले असते. शोध सुरू झाला तो खऱ्या मोजणीतून.

म्हणून आता चौथीच्या पानावर मी 'गैरहजर' अशी खूण करते. शून्यही नाही आणि सोळाही नाही. शून्याचा अर्थ, मूल बसले आणि त्याला काहीच आले नाही. सोळाचा अर्थ, मूल बसले आणि त्याला थोडे आले. गैरहजरचा अर्थ, मूल इथे नाही, जा आणि पाहा ते कुठे आहे.

थैलीतली वजने

ईशज्ञानाची पदविका करत असताना मला अनुवादाच्या 25 व्या अध्यायातला एक भाग पाठ होता. थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नयेत, एक जड आणि एक हलके, असे तिथे सांगितले आहे. तेव्हा मला वाटे, हे दुकानदारांसाठी आहे, आपला काय संबंध?

सातपुड्यात आल्यावर समजले. आमच्याकडे महू, चारोळी, डिंक गोळा करून बायका बाजाराला नेतात. पायलीभर महू नेला की व्यापाऱ्याच्या काट्यावर तो किती भरेल हे तिला माहीत नसते. तिच्या आईच्या वेळीही माहीत नव्हते. काटा त्याचा, वजन त्याचे, वहीही त्याचीच. तो जे बोलेल ते खरे. आदिवासी माणसाला खोट्या वजनाविषयी शिकवावे लागत नाही, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या अंगावरून ते गेले आहे.

आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आले की आमच्या मुलीसाठी मीच तो काटा धरून बसले होते. यंत्र माझ्या हातात, आकडा माझ्या बोटाने पडलेला आणि तिला वाटत होते, जे छापले ते खरे. गुण हेही एक वजनच आहे. मुलाने वर्षभर जे वेचून आणले, ते आपण तोलतो. कमी दाखवले तर ती लूट आहे. जास्त दाखवले तर तीही फसवणूक आहे, कारण उद्या दुसऱ्या काट्यावर ते तेवढे भरणार नाही.

आता आम्ही काय करतो

उपदेश करून थांबू नये, म्हणून आम्ही ठरवून घेतलेल्या पाच गोष्टी सांगते. आपल्यापैकी कोणी शिक्षक असाल, किंवा शब्बाथ शाळेची हजेरी ठेवत असाल, तरी उपयोगी पडतील.

पहिली: आकडा उत्तरपत्रिकेवरून आधी शाईने वहीत, मग वहीवरून पडद्यावर. पेपर तपासता तपासता थेट यंत्रात भरायचे नाही.

दुसरी: वाचणारा आधी पूर्ण नाव वाचतो, मग गुण. आमच्याकडे एका वर्गात सात-आठ वसावे आणि तेवढेच पाडवी असतात. एकाच नावाची दोन मुलेही असतात. शिवाय वहीत आधी मुलगे आणि मग मुली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. नुसते आकडे वाचत गेले तर एक ओळ सरकते आणि तिथून खाली सगळ्या मुलांना शेजारच्याचे गुण पडतात. असे एकदा झाले होते. शेवटच्या नावाला गुणच उरले नाहीत म्हणून पकडले गेले.

तिसरी: रिकामा चौकोन भरण्यासाठी कधीही शून्य टाकायचे नाही. गैरहजर असेल तर गैरहजर. पेपर नंतर होणार असेल तर भिंतीवरच्या कागदावर नाव लिहायचे आणि तो कागद रिकामा झाल्याशिवाय 'अंतिम करा' दाबायचे नाही. ते बटण वर्गशिक्षकांनीच दाबायचे. मी टाइप करते, पण लॉगिन त्यांचे आहे, जबाबदारीही त्यांची. पासवर्ड आता भिंतीवर लिहिलेला नसतो, पूर्वी असे.

चौथी, आणि मला वाटते सर्वांत महत्त्वाची: अंतिम करण्याआधी प्रत्येक मुलाला जवळ बसवून त्याचे गुण त्याला एकट्याला दाखवतो आणि विचारतो, "हे तुझे आहेत का?" पहिल्या वर्षी मुले नुसती मान हलवायची. आता विचारतात. मागच्या एप्रिलमध्ये सहावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, मला विज्ञानात एकोणतीस आहेत, तुम्ही एकोणीस लिहिलेत." उत्तरपत्रिका काढली. त्याचेच बरोबर होते. मी त्याला शाबासकी दिली ती एकोणतीस गुणांबद्दल नव्हे, विचारल्याबद्दल दिली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वहीतला आकडा मुकाट्याने मान्य केला, त्याचे मूल "हे चुकले आहे" असे म्हणायला शिकले, तर वसतिगृह चालवल्याचे सार्थक झाले असे मी समजते.

पाचवी: उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोन वर्षे ठेवायचे. त्यासाठी आपण दिलेल्या देणगीतून एक पत्र्याची पेटी घेतली आहे. उंदरांपासून सांभाळावे लागते, एवढेच.

शेवटची विनंती

आपण विचाराल, आम्ही काय करावे? तीन गोष्टी मागते.

एक, ज्यांना संगणकावर मराठी टाइप करता येते आणि ज्यांच्याकडे चार दिवस आहेत, अशांनी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये आमच्याकडे यावे. गुण भरणारा आणि वाचणारा यांच्याशिवाय तपासणारा तिसरा माणूस असला तर चुका पुष्कळ कमी होतात. निवृत्त शिक्षक असतील तर फारच बरे. राहण्याची सोय साधी आहे, भाकरी गरम मिळेल.

दोन, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली जास्तीत जास्त मुले हंगामात आपल्याकडे राहू शकावीत म्हणून आणखी खाटा लागतील. मूल वसतिगृहात राहिले तर 'गैरहजर' लिहायची वेळच येत नाही. कार्यवाहांकडे त्याचा खर्च मांडला आहे.

तीन, प्रार्थना. शिक्षकांसाठी करा, ते रात्री बारापर्यंत बसतात आणि सकाळी पुन्हा वर्गावर असतात. गेलेल्या मुलांसाठी करा, ती आत्ता कुठल्या फडावर आहेत ते देवाला ठाऊक आहे. आणि माझ्यासाठी करा की दमलेल्या रात्रीही माझे बोट सोप्या आकड्याकडे जाऊ नये.

योहानाच्या 10 व्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाला नावाने हाक मारतो. आमच्या पडद्यावर आधी नाव असते आणि मग आकडा. तो क्रम मला आता बरोबर वाटतो. आधी नाव नीट वाचावे, ते मूल डोळ्यांसमोर आणावे आणि मगच पुढच्या चौकोनात काही लिहावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.